नखं लावताना बाटलीवर काय लिहिलंय तेही पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या पेपरच्या पुरवणीत लग्नसराईच्या नखांवर जे पूर्ण पान आलं ते आमच्या पार्लरमधे दोन दिवस हातोहात फिरलं. फोटो छान, रंग छान, आल्मंड, कॉफिन, स्क्वेअर सगळे शेप दाखवले, कोणत्या शालूवर काय शोभेल तेही सांगितलं. पण ती नखं बोटावर बसतात कशी, असतात कशाची अन निघतात कशी याच्यावर एक ओळ नव्हती. मी २०१६ पासून हेच काम करून राहिली आहे, पश्चिम नागपुरात दोन खुर्च्यांची छोटीशी जागा आहे माझी, म्हणून लिहायला बसले. पत्र लांब होणार हे मला माहीत आहे, जागा कमी पडली तर बाकीचं कापा पण लिक्विडचा अन स्किनचा भाग तेवढा ठेवा.

मार्च महिन्यात एक पोरगी आईला घेऊन आली, बावीस-तेवीस वर्षांची, परवावर साखरपुडा. दुसरीकडून नेल एक्स्टेन्शन, म्हणजे खऱ्या नखावर नकली लांब नख, करून घेतलं होतं, पंधरा-वीस दिवस झाले असतील. दहापैकी चार नखं मागून उचकटलेली, त्यात केस अडकायचे तिचे, अन एका बोटाच्या नखाखाली हिरवट काळा डाग. दोन्ही अंगठ्यांवर मुळाशी लालसर अर्धगोल रेघ, तिथे नुसतं बोट लावलं तरी ती हात मागे घ्यायची. आई म्हणाली, "ताई, हे अर्धवट निघालंच आहे तं ओढून काढून टाका अन नवीन लावून द्या, वेळ नाही आमच्याजवळ." मी विचारलं कोणतं प्रॉडक्ट वापरलं होतं, तं म्हणे पांढरी पावडर होती अन पाण्यासारखं काहीतरी होतं, बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, वास मात्र असा की डोक्यात गेला. अन दहा नखं चाळीस मिनिटांत झाली म्हणून ती खूशच होती त्या दिवशी.

मी नवीन लावायला नाही म्हटलं. काकू रागावल्या, पैसे देऊन राहिलो नं आम्ही, फुकट थोडीच मागतो. त्यांचा राग मी समजू शकते, घरात साखरपुडा आहे, पाहुणे येऊन राहिले, आतापर्यंत नखांवर पैसा गेलेला आहे. पण त्या हिरव्या डागावर पुन्हा प्लॅस्टिक चढवणं माझ्याने झालं नाही. त्याला सगळे फंगस म्हणतात, ते बहुतेक वेळा फंगस नसतं. एक्स्टेन्शन मागून सुटलं की त्या फटीत भांड्यांचं, आंघोळीचं पाणी शिरतं अन वाळायला जागाच नसते, तिथे स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो, त्याचाच तो हिरवा रंग. वरचं सगळं काढून नख उघडं अन कोरडं ठेवायचं, स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं, नुसता रंग राहिला तर तो नखासोबत वाढत बाहेर निघून जातो. काकूंनी घरी हळद-तेल भरून ठेवलं होतं त्यात, म्हणजे आधीच ओल होती तिथे आणखी ओल.

आपलं स्वतःचं नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत हाताचं पूर्ण नख नवीन यायला सहाएक महिने लागतात. आमचा सगळा डोलारा या अर्ध्या मिलिमीटरवर उभा असतो. म्हणून पहिलं काम नख तयार करण्याचं, अन ते जो घाईत उरकतो त्याचं पुढचं काहीच टिकत नाही. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली चामडीची कड, मऊ हाताने मागे सरकवायची, नखावर चिकटलेला पातळ मेलेला पापुद्रा काढायचा (जिवंत चामडी कापायची नाही, तीच तर नखाच्या मुळाचं झाकण आहे), मग एकशे ऐंशी ग्रिटच्या फाईलने वरची फक्त चमक घालवायची, दोन-तीन हलके हात, बस. इथेच ड्रिल मशीन घेऊन कोणी जोर दिला तर नखाचे थर उडतात, अन त्या पोरीच्या अंगठ्यावर जी लाल रेघ होती नं ती अशीच येते, ड्रिलचं फिरणारं टोक मुळाशी दाबून धरलं की. ड्रिल वाईट नाही, मीही वापरते, पण वर चढवलेल्या मटेरियलवर, खालच्या नखावर नाही.

मग नखावरची ओल घालवणारं डीहायड्रेटर, मग वरचं मटेरियल धरून ठेवणारा प्रायमर अगदी थेंबभर, तोही चामडीला न लागता. लांबीसाठी टिप, म्हणजे प्लॅस्टिकचं तयार नख, लावायची असेल तर ती तिरपी टेकवून हळूच खाली दाबत आणायची म्हणजे मधली हवा बाहेर पडते, आत बुडबुडा राहिला की तिथे पाणी साचणार हे ठरलेलं. त्यावर ॲक्रेलिक किंवा जेल. ॲक्रेलिकमधे एक लिक्विड अन एक पावडर, ब्रश लिक्विडमधे बुडवून पावडरला टेकवला की टोकावर एक गोळा येतो, आम्ही त्याला बीड म्हणतो, तो नखावर ठेवून दाबत दाबत पसरवायचा, लॅम्प लागत नाही, हवेतच काही मिनिटांत घट्ट होतो. जेलला लॅम्प लागतो, जेलमधे उजेड ओळखणारं रसायन असतं, लॅम्पच्या उजेडाने ते जागं होतं अन सगळं आपसात जोडून कडक होतं.

अन अपेक्स, म्हणजे नखावरचा उंचवटा. शिकायला येणाऱ्या पोरींना मी सगळ्यात जास्त वेळ हेच शिकवते. नख जिथे बोटाच्या मांसापासून सुटून पुढे जातं तिथे सगळा जोर येतो, स्कूटीची डिक्की उघडा, दुकानाचं शटर ओढा, डब्याचं झाकण काढा, तिथेच बसतो झटका. म्हणून त्या जागी मटेरियलचा थोडा उंचवटा हवा, अन मुळाकडे अन टोकाकडे ते पातळ होत जायला हवं. सपाट पाटी चिकटवली की ती काम करते तरफेसारखं, टोकाला धक्का अन उखडणार मूळ. चांगल्या हाताचं नख बाजूने पाहिलं की लगेच ओळखू येतं. मुळाशी चामडीपासून बारीकशी फट ठेवायची, एक मिलिमीटर म्हणा, सगळं अंगाला लागून गुळगुळीत दिसतं म्हणून तिथपर्यंत भरून देणारे खूप आहेत, क्लायंटलाही तेच आवडतं कारण फोटोत छान दिसतं, पण त्रास तिथूनच सुरू होतो, ते पुढे सांगते. हे सगळं नीट करायचं तर फुल सेटला दीड-दोन तास लागतातच. चाळीस मिनिटांत होत असेल तर यातलं काहीतरी गाळलेलं आहे.

आता ते बिनानावाचं लिक्विड.

ॲक्रेलिकचं चांगलं लिक्विड असतं ईएमए, इथाईल मेथाक्रायलेट. त्याचाच स्वस्तातला भाऊ एमएमए, मिथाईल मेथाक्रायलेट. दातांच्या कवळ्या अन गुडघे बदलायच्या ऑपरेशनमधलं बोन सिमेंट याच एमएमएच्या कुळातलं, तिथे ते डॉक्टरच्या हातात असतं अन त्याचं ते काम आहे. नखावर त्याचं काय काम? अमेरिकेत लोकांची नखं अन बोटं खराब झाल्याच्या तक्रारी आल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न अन औषध खात्याने, १९७० च्या दशकातच, निव्वळ एमएमए असलेली नखांची प्रॉडक्ट्स कोर्टामार्फत बाजारातून काढायला लावली. पन्नास वर्षं होऊन गेली त्याला, अन आमच्याकडे अजूनही होलसेलमधे साध्या बाटलीत, लेबल नसलेलं, लिटरच्या हिशोबाने मिळतं. ओळखायचं कसं तर वास अतिशय उग्र अन डोक्यात जाणारा, फाईल मारता मारता हात दुखतो इतकं कडक, अन ॲसिटोनमधे कितीही भिजवा नीट विरघळत नाही. हा कडकपणाच घात करतो, झटका बसला की नकली नख तुटायला पाहिजे, इथे ते तुटत नाही, ते आपल्या खऱ्या नखाला सोबत घेऊन उखडतं. मी एका बाईचं अख्खं नख असं गेलेलं पाहिलंय, ते आठवलं की अजूनही पोटात कसंतरी होतं.

मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून नाही सांगून राहिली. माझं पहिलं काम एका मोठ्या पार्लरमधे होतं, नाव लिहीत नाही, तिथे दीड वर्ष मी हेच लिक्विड वापरलं. काय आहे विचारलं तर "इंपोर्टेड आहे, तू काम कर" एवढंच उत्तर. खोलीला खिडकी नाही, एसी बंद दारात चालू, चार टेबलं अन संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं डोकं धरलेलं. तोंडाला कापडी मास्क बांधायचो आम्ही, त्याने वाफ अडते असं वाटायचं आम्हाला. साधा मास्क वाफ अडवत नाही, एन-९५ ने फाईलची धूळ अडते पण वास अन वाफ नाही अडत. त्याला टेबलावरच ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजे अन हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

अन आपल्या नागपूरची गंमत वेगळी आहे, ती कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत. ॲक्रेलिकला मानवणारं टेंपरेचर बावीस-तेवीस डिग्रीच्या आसपास, अन आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस. दुपारी लाईट गेली की बीड नखावर ठेवल्या ठेवल्या घट्ट व्हायला लागतो, पसरवायला वेळच मिळत नाही, मग नवीन पोरी काय करतात तर ब्रशमधे जास्त लिक्विड घेतात म्हणजे थोडा वेळ मिळेल. झालं, बीड पातळ होतो, वाहतो, चामडीवर जातो, अन जास्तीचं लिक्विड पूर्ण जोडलं न जाता तसंच आत राहतं. एसी परवडत नाही तिथे कूलर, कूलरची दमट हवा सरळ हातावर, नखावर ओल धरते अन आठ दिवसांत मागून उचकटतं. शिवाय तोच कूलर सगळी धूळ अन वाफ काम करणारीच्या तोंडावर फेकतो. डिसेंबरात उलटं, सकाळी सकाळी बीड घट्टच होत नाही. म्हणून मी उन्हाळ्यात ॲक्रेलिकच्या अपॉइंटमेंट सकाळच्या ठेवते, कूलर बाजूला तोंड करून, अन दुपारी फक्त जेलचं काम घेते. अन जेलची डबी खिडकीजवळ ठेवायची नाही, आपल्या इथलं ऊन लॅम्पचंच काम करतं, डबीतच दगड होतो त्याचा.

स्किनचं म्हटलं होतं ते आता. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या बोटांची टोकं कोरडी पडून चिरायला लागली. आधी वाटलं भांड्याचा साबण असेल, मग पाणी असेल, मग डोळ्यांच्या पापण्या सुजल्या अन मानेवर लाल चट्टे आले. पोळ्यांना कणिक भिजवायची तर मीठ झोंबायचं, माझ्या सासूबाई सहा महिने कणिक भिजवत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी रामदासपेठेत स्किनच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी पॅच टेस्ट केली, पाठीवर बारीक बारीक रसायनांच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवस आंघोळ नाही, मग काढून पाहिलं, पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं. हेमा नावाच्या रसायनाची पट्टी लाल फुगलेली. हेमा जेलमधे, प्रायमरमधे, बेस कोटमधे सर्रास असतं, नख धरून ठेवायला चांगलं म्हणून. डॉक्टर म्हणाले ही ॲलर्जी एकदा जडली की जन्माची, परत जात नाही.

पापण्यांना काऊन होतं, जेल तर बोटावर? कारण आपण दिवसातून शंभरदा डोळ्यांना, मानेला हात लावतो. अन ही नुसती खाजेची गोष्ट नाही, याच जातीची रसायनं दाताच्या सिमेंटमधे असतात, सांधा बदलताना लागणाऱ्या बोन सिमेंटमधे असतात, शुगर मोजायला दंडाला चिकटवतात त्या सेन्सरच्या गोंदात असू शकतात. म्हणजे उद्या मला गुडघा बदलायची वेळ आली तर आधी डॉक्टरला हे सांगावं लागणार. बावीस वर्षांच्या पोरीला फक्त साखरपुड्याच्या फोटोसाठी हे ओझं का द्यायचं? २०१२ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या सोसायटीने हेमा ज्या जातीतलं आहे त्या ॲक्रायलेटलाच वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून निवडलं होतं, २०१८ साली ब्रिटनच्या त्वचारोग डॉक्टरांच्या संघटनेने नखांच्या ॲलर्जीवर जाहीर इशारा दिला, २०२१ पासून युरोपात हेमावाली प्रॉडक्ट्स फक्त प्रोफेशनल वापरासाठी अन तसं डबीवर छापावं लागतं. टीपीओ नावाचं, लॅम्पखाली जेल कडक व्हायला मदत करणारं जे रसायन होतं ते तर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच केलंय. आपल्याकडे पोरी तेच सामान ऑनलाईन किट मागवून हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींना लावून राहिल्या.

जेलने ॲलर्जी कशी होते ते नीट सांगते कारण इथे गैरसमज खूप आहे. पूर्ण क्युअर झालेलं, म्हणजे लॅम्पखाली आतपर्यंत कडक झालेलं, जेल सहसा काही करत नाही. त्रास देतं ते कच्चं जेल. ते चामडीला लागलं अन तसंच राहिलं, पुसलं नाही, वारंवार लागलं, की एक दिवस शरीर भांडायला लागतं. म्हणूनच ती मुळाशी एक मिलिमीटरची फट. लागलंच तर लॅम्पखाली हात जायच्या आधी काडीने साफ करायचं, नंतर नाही. अन लॅम्प जेलच्या कंपनीने सांगितलेलाच पाहिजे, कारण भलत्याच लॅम्पखाली जेल वरून कडक दिसतं अन आत कच्चंच राहतं, अन आत कच्चं आहे हे हात लावून कळत नाही. "हेमा फ्री" लिहिलेलं वाचून लगेच निश्चिंत होऊ नका, त्याच जातीची दुसरी रसायनं असतात त्यात, ज्याला एक बाधतं त्याला बरेचदा दुसरंही बाधतं. काम करणाऱ्या पोरींना सांगते, नायट्राईल ग्लोव्हज घाला, पण जेल किंवा लिक्विड त्यावर लागलं की लगेच बदला, काही मिनिटांत ते आरपार जातं. लॅम्पखाली हात जाताना चटका बसला तर सांगायला लाजू नका, जाड थर एकदम कडक होताना गरम होतो, हात बाहेर काढायचा, थांबायचं, पुन्हा घालायचा. थर पातळ असेल तर एवढा चटका बसत नाही. अन लॅम्पचा उजेड यूव्हीचा असतो, ज्या नियमित करतात त्यांनी आधी हाताला सनस्क्रीन लावावं किंवा बोटं कापलेले ग्लोव्हज घालावे.

काढणं हा तर वेगळाच विषय, अन खरं सांगू तर नखांचं सगळ्यात जास्त वाटोळं लावताना नाही, काढताना होतं. ॲक्रेलिक असेल तर वरचा थर फाईलने कमी करून ॲसिटोनचा कापूस अन फॉईल, पंधरा-वीस मिनिटं, मऊ झालं की काडीने हळूच सरकवायचं, निघालं नाही तर पुन्हा गुंडाळायचं. हार्ड जेल ॲसिटोनमधे विरघळतच नाही, ते फाईलनेच पातळ करत न्यावं लागतं, म्हणून तुमच्या बोटावर काय लावलंय हे तुम्हाला माहीत पाहिजे, दुसऱ्या पार्लरमधे गेलात तर पहिला प्रश्न तोच येणार. ॲसिटोन भुर्रकन पेट घेतं, देवघराच्या दिव्याजवळ, गॅसजवळ घेऊन बसू नका. अन दाताने किंवा एटीएम कार्डाने उचकटून काढू नका हो, एक ओढलं की खऱ्या नखाचे वरचे थर त्याच्यासोबत जातात, मग ते नख कागदासारखं वाकतं अन पाणी लागलं तरी झोंबतं, अन त्याच्यावर कोणतीही क्रीम चालत नाही, वाढून जायची वाट पाहावी लागते.

काढायलाही वेळ लागतो, म्हणून त्याचेही पैसे घेते मी. "काढायचे कशाचे पैसे?" हे रोज ऐकते. काढायचेच तर घ्यायला पाहिजेत बाई, सगळ्यात जपून करायचं काम ते.

नवऱ्या मुलींसाठी एक सांगते, हळदीच्या आधी फिकट रंगाची नखं लावू नका. हळद त्या मटेरियलमधे मुरते, पिवळी धमक होतात अन कशानेही जात नाहीत, मग लग्नाच्या सकाळी रडत येतात. हळद होऊ द्या, हात स्वच्छ धुवा, मेंदीवर लावलेलं नीलगिरीचं किंवा कोणतंही तेल नखावर राहिलं नाही हे पाहा, मग या.

माझ्याकडे मेडिकल, मेयो अन मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांकडच्या नर्सिंगच्या पोरीही येतात. त्यांना मी एक्स्टेन्शन लावून देत नाही, ड्यूटी सुरू असताना तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात धुण्याच्या नियमावलीत स्पष्ट आहे, पेशंटला थेट हात लावणाऱ्यांनी नकली नखं घालू नये अन स्वतःची नखंही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावी, कारण त्याच्या खाली जंतू राहतात अन हात धुतला तरी पूर्ण जात नाहीत. एक जण चिडली होती माझ्यावर, म्हणे शेजारच्या पार्लरमधे तर लावून देतात. देत असतील. तिच्या वॉर्डात कमी दिवसांची बाळं आहेत, मला नाही जमत. अन ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटनेही निदान एक-दोन बोटं मोकळी ठेवावी, बोटाला लावतात त्या ऑक्सिजनच्या क्लिपचं रीडिंग नखावरच्या रंगाने अन थराने चुकू शकतं.

आता ज्यांच्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं त्या पोरी. मानेवाड्याच्या, हिंगण्याच्या, कामठीच्या, उमरेडकडच्या. बारावी झालेली, घरी बसून काय करायचं म्हणून तीन दिवसांचा क्लास करतात, हातात सर्टिफिकेट अन एक किट, अन चौथ्या दिवसापासून गिऱ्हाईकाच्या बोटावर. त्यांचा दोष नाही यात, त्यांना कोणी सांगितलंच नाही की ही बाटली हातात धरायची तर काय काय धरायचं. आयटीआयमधे कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड एक वर्षाचा आहे, तिथे निदान स्वच्छता अन स्किन शिकवतात. ज्यांना जमेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. ज्यांना क्लासच परवडतो त्यांनी आधी विचारावं की किती दिवस हातावर प्रॅक्टिस देणार, रिमूव्हल शिकवणार की नाही, अन एमएमए, हेमा हे शब्द तरी कानावर घालणार का. माझ्याकडे शिकायला येतात त्यांना मी पहिला महिना फक्त नख तयार करायला अन काढायला लावते, लावायला नाही. काही कंटाळून जातात. ज्या थांबतात त्यांचे हात चांगले होतात.

पार्लरवाल्या ताई-दादांना हात जोडून सांगते, त्या पोरींसाठी टेबलावर एक्झॉस्ट लावा. ॲप्रन अन ग्लोव्हज त्यांच्या पगारातून कापू नका. त्यांच्या बोटांच्या टोकांना चिरा पडल्या तर "क्रीम लाव" म्हणून सोडून देऊ नका, माझ्या वेळी मला तेच म्हटलं होतं अन तोवर खूप उशीर झालेला होता.

अन अन्न व औषध प्रशासनाला एकच मागणं आहे. १९४० चा औषधं अन सौंदर्य प्रसाधनांचा कायदा आहे, २०२० चे कॉस्मेटिक्स नियम आहेत, त्यात बाटलीवर कोणी बनवलं, बॅच नंबर काय, कधीपर्यंत वापरायचं हे छापावंच लागतं, बाहेरून आलेलं असेल तर इंपोर्ट करणाऱ्याचं नाव अन रजिस्ट्रेशन नंबर लागतो. मिठाईच्या दुकानात सणासुदीला तपासणी करता, चांगलं करता, तशी एकदा नखांच्या सामानाच्या होलसेल दुकानांतही करा. लग्नसराईच्या आधी केली तर जास्त बरं.

गिऱ्हाईकाने खुर्चीत बसल्यावर बाटली हातात मागून पाहिली तर वाईट वाटून घेऊ नये कोणी पार्लरवालीने. मी तर स्वतःच सामोर ठेवते. लेबल नसेल, दुसऱ्याच बाटलीत ओतलेलं असेल, विचारल्यावर उत्तर नसेल, तर उठून जा, ॲडव्हान्स दिला असेल तरी जा.

ती मार्चमधली पोरगी त्या दिवशी साध्या नखांवर नुसता साधा नेलपॉलिश लावून गेली, अंगठे अन ते हिरवं बोट सोडून. काकू जाताना बोलल्या नाहीत माझ्याशी. मग पोरगी एप्रिलमधे आली, डॉक्टरला दाखवून आली होती, मी फक्त नखं कापून दिली अन तेल लावायला सांगितलं. जूनमधे आली तेव्हा तो डाग अर्ध्यावर गेला होता. दसऱ्याच्या आधी आली, अंगठ्याच्या रेघेच्या जागी आता काही नाही, सगळं नख नवीन. लग्न डिसेंबरात आहे. हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ दिलीय तिला, अडीच तास मोकळे ठेवलेत, आखूडच ठेवायची म्हणाली ती स्वतःच. या वेळी काकू सोबत होत्या, त्यांनी माझ्या शेल्फवरच्या बाटल्या एक एक करून हातात घेतल्या, चष्मा चढवून वाचल्या, अन दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील अन पुरवणीत पुन्हा नखांचं पान येईलच. त्यात डिझाईनच्या शेजारी चार ओळींची जागा या बाटल्यांना द्यावी एवढी विनंती करते.

आपली,
एक नेल टेक्निशियन
पश्चिम नागपूर
(नाव छापू नये ही विनंती)